टीएलएस असतानाही प्रत्येक मेसेजवर सही का हवी आणि ती कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सियागंजातल्या किराण्याच्या २६ घाऊक दुकानांतून ऑर्डर निघतात आणि रॅबिटएमक्यूतून, म्हणजे मेसेज रांगेत ठेवून पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून (ब्रोकरमधून), देवास नाक्याच्या गोदामाला, बिलिंगला आणि गाड्या लावणाऱ्या विभागाला पोहोचतात. जोडणीला टीएलएस (वाटेतला मजकूर झाकणारी सुरक्षा) आहे, प्रत्येक दुकानाचे वेगळे लॉगिन आहे. तरीही एकेका मेसेजची स्वतंत्र खात्री करावी का? आणि करायची तर मजकुराचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, सोबत पाठवला तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही.

टीएलएस दुकानापासून ब्रोकरपर्यंतची वाट सांभाळते. मेसेज ब्रोकरवर उतरला की तिचे काम संपले. पुढे तो रांगेत पडून राहतो, डिस्कवर लिहिला जातो, कधी डेड-लेटर रांगेत (नाकारलेल्या मेसेजच्या रांगेत) जातो, कधी ॲडमिनच्या पडद्यावरून कुणी तो हाताने पुन्हा ढकलतो. हा मेसेज सातव्या दुकानाचाच आहे आणि दुकानाने पाठवला तसाच आहे, हे सांगणारे त्या मेसेजमध्ये काहीच नसते. रॅबिटएमक्यूत मेसेजला यूजर-आयडी लावता येतो. ब्रोकर तो जोडणीच्या लॉगिनशी ताडून पाहतो आणि जुळला नाही तर मेसेज घेत नाही. ही सोय जरूर वापरा. पण तीही ब्रोकरचीच ग्वाही आहे. ब्रोकरचा ॲडमिन पासवर्ड फुटला की त्या ग्वाहीला किंमत उरत नाही.

आता हॅश. नुसता हॅश कुणालाही काढता येतो. मजकूर बदलणारा नवा हॅश काढून जोडेल, एवढेच. त्यावर सुचणारा उपाय म्हणजे गुपित शब्द आणि मजकूर एकापुढे एक ठेवून त्यांचा हॅश काढणे. तोही धोक्याचा आहे. एसएचए-२५६ शेवटी जो हॅश देते, ती तिची आतली अवस्थाच असते. त्यामुळे तो हॅश हाती असलेल्याला, गुपित माहीत नसतानाही, फक्त त्याची लांबी अंदाजून, मजकुराच्या शेपटाला आणखी मजकूर जोडून नवा बरोबर हॅश काढता येतो. २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या एपीआयची (इतर प्रोग्रॅमनी बोलण्याच्या सोयीची) सही अशाच रीतीने खोटी करता येते हे दाखवले गेले. तिथे एमडी५ ही जुनी हॅशपद्धत होती, पण रचना हीच. यासाठीच एचमॅक आहे, म्हणजे गुपित किल्ली मिसळून काढलेला हॅश. बेल्लारे, कॅनेटी आणि क्रॉचिक या संशोधकांनी ती १९९६ मध्ये मांडली आणि १९९७ मध्ये ती आरएफसी २१०४ (इंटरनेटच्या क्रमांकित तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून आली. तीत किल्ली आत आणि बाहेर अशी दोनदा मिसळली जाते, म्हणून शेपूट जोडण्याची युक्ती चालत नाही.

पण तुमच्या मांडणीत एचमॅकही माझी पहिली निवड नाही. एचमॅकमध्ये तपासणाऱ्याजवळ तीच किल्ली असते जी पाठवणाऱ्याजवळ असते. म्हणजे जो तपासू शकतो तो बनवूही शकतो. सातव्या दुकानाची किल्ली गोदाम, बिलिंग आणि गाड्यांचा विभाग अशा तिघांकडे ठेवली, तर त्यांपैकी कुणीही सातव्या दुकानाच्या नावाने ऑर्डर तयार करू शकतो. २६ दुकानांना मिळून एकच किल्ली दिली तर अवस्था याहून वाईट: कोणतेही दुकान कोणत्याही दुकानाच्या नावाने बोलेल. जिथे उधारीचे खाते आहे आणि ही पोती आम्ही मागवलीच नव्हती असा वाद उद्या उभा राहू शकतो, तिथे जाहीर किल्लीची सही घ्यावी: खासगी किल्लीने सही होते, जाहीर किल्लीने ती फक्त तपासता येते. त्यातली ईडी-२५५१९ ही पद्धत घ्या. खासगी किल्ली दुकानाच्या संगणकावरच तयार होते आणि तिथेच राहते. बाकी सगळ्यांना ३२ बाइटची जाहीर किल्ली पुरते. सही ६४ बाइटची, बेस६४ केली (साध्या अक्षरांत लिहिली) तर ८८ अक्षरांची. साधा सर्व्हरही सेकंदाला अशा हजारो सह्या तपासतो, तेव्हा वेगाची चिंता इथे करू नका. एचमॅक ठेवा ती जिथे पाठवणारा एक, घेणारा एक आणि दोघांत वाद उद्भवण्याचे कारण नाही अशा जागी. पेमेंट गेटवेकडून येणारे वेबहुक (काही घडताच आपोआप येणारे संदेश) हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

इथे एक मर्यादा आधीच समजून घ्या. सही किल्लीची साक्ष देते, माणसाची नाही. मुनीमजी चहाला गेले असताना उघड्या संगणकावरून दुसऱ्या कुणी ऑर्डर टाकली, तर तिची सही बरोबरच येणार. त्यासाठी काउंटरचे लॉगिन वेगळे सांभाळावे लागते.

अल्गोरिदमची निवड इथे संपली. बहुतेक यंत्रणा अल्गोरिदमपाशी फुटत नाहीत. सहीखाली नेमके काय घेतले आणि घेणाऱ्याने कशानंतर काय तपासले, इथे त्या फुटतात.

सराफ्यातली जुनी हुंडी आठवा. रकमेचा आकडा एकटा नसे. निम्म्या रकमेची दुप्पट अशी तीच रक्कम पुन्हा अक्षरांत लिहीत, म्हणजे आकड्यापुढे शून्य वाढवून चालत नसे. कुणी लिहिली, कुणावर लिहिली, कुणाला द्यायची, मिती कोणती, हे सगळे त्याच कागदावर. हुंडी हरवली तर पेठ (दुसरी प्रत) निघे, तीही हरवली तर परपेठ (तिसरी), पण पैसे एकदाच मिळत. आणि चुकती झालेली हुंडी खोका म्हणून बाजूला पडे. तुमच्या मेसेजलाही हेच सगळे लागते. सहीखाली एवढ्या गोष्टी घ्या:

रचनेची आवृत्ती आणि यंत्रणेचे नाव
चाचणीची यंत्रणा की प्रत्यक्षातली
किल्लीचा क्रमांक
पाठवणारे दुकान
घेणारा विभाग किंवा रांग
मेसेजचा प्रकार: नवी ऑर्डर, बदल, रद्द
मेसेजचा एकमेव आयडी, १६ बाइटचा, यादृच्छिक
दुकानाचा चढता अनुक्रमांक
सही केल्याची वेळ, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत)
मजकुराचे बाइट

प्रकार वगळला तर ऑर्डरवरची सही उचलून रद्द करण्याच्या मेसेजला चिकटवता येते. घेणारा वगळला तर बिलिंगसाठी पाठवलेला मेसेज गोदामाच्या रांगेत टाकता येतो. चाचणीचा उल्लेख वगळला तर चाचणीत बनवलेली ५०० पोत्यांची ऑर्डर एखाद्या दिवशी खरी होऊन गाडीत चढते. चाचणीच्या किल्ल्या वेगळ्या ठेवाच, पण हा शब्दही सहीखाली असू द्या. रॅबिटएमक्यूच्या हेडरमध्ये (मजकुराबाहेरच्या माथ्यात) ठेवलेले सहीबाहेर राहते, हे लक्षात असू द्या: हेडरमधला प्रकार किंवा दुकान क्रमांक वाचून निर्णय घ्यायचा नाही. हेडर मेसेज कुठे पाठवायचा एवढ्यापुरते.

हे रकाने एकापुढे एक नुसते जोडू नका. दुकान १ ने १५ पोती मागवली, दुकान ११ ने ५ पोती मागवली. मध्ये खूण नसेल तर दोन्हींचे ११५ होते आणि एकाची सही दुसऱ्याला लागू पडते. ॲमेझॉनच्या वेब सेवांच्या सहीची पहिली आवृत्ती याच दोषाने अडचणीत आली. संगणक-सुरक्षेचे जाणकार कॉलिन पर्सिव्हल यांनी तो २००८ मध्ये उघड केला. स्वल्पविराम किंवा उभी रेघ मध्ये घालूनही भागत नाही, कारण तेच चिन्ह एखाद्या रकान्याच्या आत येऊ शकते. प्रत्येक रकान्याआधी त्याची बाइटमधली लांबी चार बाइटांत लिहा, मग रकाना. बाइटांचा क्रम, म्हणजे मोठा बाइट आधी की लहान, एकदा ठरवून लिहून ठेवा.

मजकूर मात्र जेसन (रकान्यांची नावे आणि किमती लिहिण्याचा साचा) म्हणून नव्हे, बाइट म्हणून सहीखाली घ्या. सर्वांत जास्त तास इथे वाया जातात आणि मराठी-हिंदी नावे असणाऱ्यांचे तर हमखास. पाठवणाऱ्याने जेसन बनवून सही केली, घेणाऱ्याने ते उघडले, पुन्हा जेसन बनवले आणि त्यावर सही तपासली, की ती जुळत नाही. पायथन जेसन लिहिताना देवनागरी अक्षरांचे आपण होऊन युनिकोडच्या क्रमांकांत (\u0930 असे) रूपांतर करते आणि स्वल्पविरामानंतर व अपूर्णविरामानंतर (:) मोकळी जागा सोडते. जावास्क्रिप्ट अक्षरे तशीच ठेवते आणि मोकळी जागा सोडत नाही. पीएचपी अक्षरांबरोबर तिरक्या रेघेआधीही उलटी रेघ घालते. इंग्रजी मजकुरावर चाचणी केली आणि मोकळ्या जागांचा प्रश्न तेवढा सोडवला, तर सगळे चालते असे वाटते. पहिल्या गोऱ्हे किंवा कऱ्हाडे आडनावाच्या ग्राहकाशी यंत्रणा अडते.

या ऱ्याचे आणखी एक दुखणे आहे. पडद्यावर एकसारखा दिसणारा ऱ्य तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त, हे (पुढचा य सोडून) ६ बाइट. र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त, हे ९ बाइट. र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह, हेही ९ बाइट, पण वेगळे. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (अक्षर लिहिण्याच्या तऱ्हा एक करण्याचा नियम) पहिल्या दोघांना एकरूप करते; तिसरे तसेच राहते. वाटेतल्या एखाद्या सेवेने सद्हेतूने सामान्यीकरण केले तरी सही मोडते आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून डोळ्यांना फरक दिसत नाही. सामान्यीकरण करायचे तर दुकानात, सही करण्याआधी, एकदाच करा. त्यानंतर त्या बाइटांना कुणी हात लावायचा नाही.

म्हणून नियम असा: जेसन एकदा बनवा, त्याचे यूटीएफ-८ बाइट घ्या, त्यावर सही करा, तेच बाइट पाठवा. घेणाऱ्याने आलेल्या बाइटांवरच सही तपासावी आणि सही बरोबर ठरल्यावरच जेसन उघडावे. जेसनचे प्रमाणित रूप ठरवणारा आरएफसी ८७८५ आहे, पण तुमच्याकडे पाठवणारा आणि घेणारा दोन्ही तुमचेच असताना तो भार घेऊ नका. साठवतानाही मूळ बाइट ठेवा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जेसनबी प्रकारात रकान्यांचा क्रम आणि मोकळ्या जागा टिकत नाहीत, त्यामुळे महिन्याने वाद निघाल्यावर त्यातून काढलेल्या मजकुरावर सही जुळणार नाही. मूळ बाइट बाइटए (कच्च्या बाइटांच्या) रकान्यात, शेजारी सही, आणि चाळायला हवे तर जेसनबी वेगळे.

घेणाऱ्याकडचा क्रम. आधी आकार पाहा: ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, समजा ६४ किलोबाइटपेक्षा, मोठा असेल तर पुढे जाऊच नका. मग किल्लीचा क्रमांक काढून आपल्या तक्त्यात शोधा. या क्षणी तो क्रमांक अजून परक्याचा मजकूर आहे, तेव्हा त्यावरून फाइलचा पत्ता बनवू नका आणि तो क्वेरीत जोडू नका. अल्गोरिदम कोणता हे त्या तक्त्यातून येईल, मेसेजमधून कधीच नाही. २०१५ मध्ये कितीतरी जेडब्ल्यूटी (सही केलेल्या टोकनांच्या) लायब्रऱ्या मेसेजनेच ‘अल्गोरिदम नाही’ असे सांगितल्यावर सहीशिवाय टोकन मान्य करत होत्या. काहींना जाहीर किल्लीच एचमॅकचे गुपित म्हणून वापरायला लावता येत होते. मग सही तपासा. मग किल्ली ज्या दुकानाची, तेच दुकान रकान्यात आहे ना ते पाहा. हा टप्पा फार लोक विसरतात, आणि तो विसरला की दुकान ७ स्वतःच्या खऱ्या किल्लीने दुकान १२ च्या नावाची ऑर्डर देऊ शकते. मग घेणारा, प्रकार, यंत्रणा, वेळ. सगळ्यांत शेवटी जेसन.

तपासणीच्या फंक्शनचे उत्तर नीट वाचा. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीचे एक तपासणी-फंक्शन बरोबरला १, चुकीला ० आणि आतल्या बिघाडाला उणे १ देत असे. अनेक प्रोग्रॅमनी शून्य नाही म्हणजे बरोबर असे धरले आणि मुद्दाम बिघडवलेली सही मान्य केली. २००९ च्या सुरुवातीला हा दोष उघड झाला. अपवाद फेकला गेला, उत्तर समजले नाही, सही रिकामी आली, या सगळ्यांचा अर्थ एकच: नामंजूर.

कुठे एचमॅक ठेवलीच तर तुलना नेहमीच्या बरोबर-चिन्हाने करू नका. ती पहिला वेगळा बाइट भेटताच थांबते आणि लागलेल्या वेळेतून किती बाइट जुळले हे झिरपते. पायथनमध्ये कम्पेअर-डायजेस्ट, नोडमध्ये टायमिंग-सेफ-इक्वल, पीएचपीत हॅश-ईक्वल्स, जावात मेसेज-डायजेस्टचे इज-ईक्वल वापरा. नोडचे फंक्शन दोन्हींची लांबी वेगळी असेल तर अपवाद फेकते. म्हणून आधी ३२ बाइट आहेत का ते पाहा. वेबहुक घेताना नोडवरच्या एक्स्प्रेसच्या जेसन मिडलवेअरने (मधल्या कोडने) मजकूर आधीच उघडलेला असतो, तेव्हा कच्चे बाइट राखून ठेवायची सोय आधी करा. आणि एचमॅकची किल्ली म्हणजे पासवर्ड नव्हे. दुकानाचे नाव आणि १२३ अशी किल्ली असेल, तर एक मेसेज हाती लागलेला माणूस घरी बसून ती शोधून काढतो. यंत्रणेच्या यादृच्छिक स्रोतातून ३२ बाइट घ्या.

आता तोच मेसेज पुन्हा येणे. यात शत्रूच असावा लागतो असे नाही. पोच ब्रोकरला मिळण्याआधी जोडणी तुटली की रॅबिटएमक्यू तोच मेसेज पुन्हा देते. त्याचे वागणे तसेच ठरलेले आहे. सही बरोबर, मजकूर बरोबर, आणि साखरेची ४० पोती दोनदा. वेबहुकमध्ये पाच मिनिटांपेक्षा जुना मेसेज नाकारण्याची पद्धत आहे. ती इथे उचलू नका. दुकानाचे इंटरनेट दुपारभर बंद असेल तर सकाळची खरी ऑर्डर संध्याकाळी पोहोचेल. मुदत सात दिवस ठेवा, आणि पाहिलेल्या आयडींची नोंद त्याहून जास्त, आठ दिवस. नोंदीची मुदत कमी पडली की नोंद पुसली गेल्यानंतरच्या फटीत जुना मेसेज पुन्हा खपतो.

ही नोंद कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. रेडिसमध्ये (वेगळ्या झटपट साठ्यात) आयडी आधी लिहिला आणि नंतर डेटाबेसमध्ये ऑर्डर लिहिताना बिघाड झाला, तर पुन्हा आलेला खरा मेसेज आधीच पाहिलेला म्हणून फेकला जातो. ऑर्डर हरवते आणि कुठे चूक दिसत नाही. दुकान आणि आयडी या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारे) घाला आणि ती ओळ ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. ब्रोकरला पोच ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यावर. पाठवणाऱ्यानेही पुन्हा प्रयत्न करताना जुनाच आयडी, जुनीच सही, जुनेच बाइट पाठवायचे. प्रत्येक प्रयत्नाला नवा आयडी दिला तर हा बंदोबस्त निरुपयोगी ठरतो.

मेसेज गाळला गेला हे सही सांगत नाही. त्यासाठी अनुक्रमांक. दुकान ७ चे २११ आणि २१३ आले, २१२ आला नाही, तर १५ मिनिटे थांबून सूचना निघू द्या. अनुक्रम पुढेमागे झाला म्हणून मेसेज नाकारू नका. एका रांगेवर अनेक वाचणारे असतील तर तो होणारच. आकडा पोस्टग्रेसच्या सीक्वेन्समधून (आपोआप वाढणाऱ्या मोजणीतून) घेऊ नका, कारण ट्रान्झॅक्शन मागे फिरले तरी तिचा आकडा खर्च होतो आणि खोट्या फटी पडतात. मोजणीची साधी ओळ ठेवा आणि पाठवायच्या मेसेजच्या टेबलात नोंद करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती वाढवा.

घड्याळांकडे लक्ष द्या. काउंटरवरच्या जुन्या संगणकाचा सीआर२०३२ बटण-सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि त्या दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी मुदतबाह्य ठरतात. दुकानाचा प्रोग्रॅम सुरू होताना सर्व्हरच्या वेळेशी ताडून पाहू द्या. दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर सही करण्याआधी काउंटरवरच स्पष्ट शब्दांत सांगू द्या. घेणाऱ्याने भविष्यातली वेळ दोन मिनिटांपुरती सोसावी, जास्त नाही.

किल्ली बदलण्याचा क्रम उलटा झाला की अर्धा दिवस जातो. आधी नवी जाहीर किल्ली तिन्ही विभागांत पोहोचवा आणि पोहोचल्याची खात्री करा. मग दुकान नव्या किल्लीने सही करू लागेल. जुनी किल्ली सात दिवस मान्य ठेवा, कारण रांगेत आणि डेड-लेटरमध्ये जुन्या सहीचे मेसेज असतात. मग ती तपासणीतून काढा. जुने वाद तपासण्यासाठी मात्र संग्रही असू द्या. संगणक चोरीला गेला तर ही सवलत नाही: ती किल्ली त्याच क्षणी बंद करा, आणि रांगेत राहिलेल्या तिच्या ऑर्डरी दुकानाला फोन करून एकेक पक्क्या करा. मेसेजमधली वेळ चोरीच्या आधीची आहे म्हणून तो मान्य करू नका. चोर वेळही हवी ती लिहू शकतो. खासगी किल्ली गिटमध्ये, बॅकअपच्या झिपमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. मोबाइल ॲपमध्ये सगळ्यांसाठी एकच किल्ली भरून दिली असेल तर ती फुटलेलीच समजा.

मजकूर गुप्तही ठेवायचा असेल तर एईएस-जीसीएम ही कूटपद्धत घ्या आणि वरचे सगळे रकाने जोड-माहिती (न झाकलेली पण तपासली जाणारी) म्हणून तिला द्या. त्यात १२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) एका किल्लीखाली दोनदा वापरला गेला तर गुप्तता जातेच, वर खोटे मेसेजही बनवता येऊ लागतात.

नामंजूर मेसेज पुन्हा रांगेत टाकू नका. तो लगेच परत येतो, पुन्हा नामंजूर होतो आणि सीपीयू त्यातच जातो. रीक्यू न करता नाकारा, डेड-लेटर रांगेत जाऊ द्या. लॉगमध्ये किल्लीचा क्रमांक, आयडी आणि कारण लिहा. एचमॅक असेल तर काढलेली बरोबर किंमत लॉगमध्ये कधीही छापू नका. लॉग वाचू शकणाऱ्याला ती आयती बरोबर सही मिळते. चूक शोधताना घातलेली अशी ओळ पुढे तशीच राहून जाते, म्हणून कोड तपासताना ती मुद्दाम शोधा.

सुरू करण्याआधीच्या चाचण्या. आरएफसी ८०३२ मध्ये ईडी-२५५१९ चे आणि आरएफसी ४२३१ मध्ये एचमॅक-एसएचए-२५६ चे नमुने दिले आहेत. दुकानाकडचा आणि गोदामाकडचा कोड दोन्ही त्यांवर चालवा. मग एक बरोबर मेसेज घ्या आणि त्याचा प्रत्येक बाइट पाळीपाळीने एका बिटने बदला. एकही मान्य होता कामा नये. मग हेही पाठवून पाहा: सही रिकामी, सही एक बाइट कमी, दुकान ७ ची किल्ली आणि दुकान १२ चे नाव, बिलिंगचा मेसेज गोदामाला, आठ दिवसांपूर्वीचा, दहा मिनिटे पुढचा, तोच दोनदा एकाच वेळी दोन वाचणाऱ्यांना. या शेवटच्यात ऑर्डर एकदाच नोंदली जावी, बाकी सगळे नामंजूर. शेवटी गोऱ्हे आडनावाची ऑर्डर तिन्ही तऱ्हांच्या ऱ्ह ने लिहून दुकानापासून गोदामापर्यंत पाठवा: तिन्ही मान्य व्हायला हव्यात आणि साठवलेले बाइट पाठवलेल्या बाइटांशी अगदी तेच निघायला हवेत.